वाचकांचे प्रश्न : माळरान, त्यावरचे वन्यजीव आणि आपण

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे पुणे, अहिल्यानगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून आली आहेत आणि त्या सर्वांचा विषय फिरून माळरानावरच येतो. म्हणून या महिन्याचे पूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेला लागून गावचे मोठे गायरान आहे. उन्हाळ्यात तेथे वाळलेल्या गवताशिवाय काहीच नसते. शाळा आणि ग्रामपंचायत मिळून यंदा तेथे पाच हजार झाडे लावणार आहोत. खड्ड्यांसाठी जेसीबीही ठरला आहे. मात्र आमच्या एका माजी विद्यार्थ्याने हरकत घेतली आहे. झाडे लावली तर तिथला चिंकारा निघून जाईल, असे तो म्हणतो. झाडे लावल्याने वन्यप्राण्यांचे नुकसान कसे होईल?
— एक शिक्षिका, बारामती तालुका

उत्तर : तुमच्या माजी विद्यार्थ्याची हरकत रास्त आहे, आणि जेसीबी येण्याआधी ती आली हे फार चांगले झाले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरी असतो. खाली कातळ, त्यावर मुरूम आणि मुरमावर वीतभर माती अशी ही जमीन. तिच्यावर आपसूक जे वाढते ते गवतच, आणि त्यात विखुरलेली हिवर, बोर, बाभूळ, तरवड अशी काटक झाडेझुडपे. येथे पूर्वी दाट जंगल होते, ते तुटले आणि माळ उघडा पडला, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु दख्खनचा गवताळ प्रदेश हा स्वतंत्र आणि फार जुना अधिवास आहे आणि त्यावरचे प्राणी त्या उघडेपणातच घडलेले आहेत. चिंकारा आणि काळवीट यांचा बचाव दोन गोष्टींवर उभा असतो : धोका दुरून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळे रान मिळाले पाहिजे. एकसारख्या अंतरावर लावलेल्या झाडांच्या ओळींनी या दोन्ही गोष्टी हिरावल्या जातात. दबा धरणाऱ्या जनावराला आडोसा मिळतो आणि हरणाची नजर अडते.

माळ उन्हाळ्यात मेलेला दिसतो, पण तो तसा नसतो. मे महिन्यात एखाद्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन गवताच्या एकाच ठोंबापाशी बसा. वरची पाती करकरीत वाळलेली असली तरी ठोंबाच्या बुडाशी आणि मुळांत जीव असतो. पहिल्या वळवाने तो फुटतो. शेजारी कुसळी असेल तर तिचे एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. ओल लागताच कुसळाचा पीळ सुटू लागतो आणि ते हातावरच गोल फिरते. जमिनीवर पडलेले कुसळ दवाने आणि उन्हाने असेच फिरत फिरत आपले बी मातीत रोवते. त्याच ठोंबाच्या सावलीच्या बाजूला चंडोलाचे वाटीएवढे घरटे सापडू शकते. जरा पलीकडे उघड्या मुरमावर माळटिटवीची अंडी असतील आणि खड्यांमधून ती वेगळी ओळखायला डोळ्यांना सराव लागेल. म्हणूनच चालताना पाय जपून टाकायला मुलांना आधी सांगा. खड्डे आणि चर खणणारे यंत्र यांतील काहीही पाहू शकत नाही. मुरमाच्या उंचवट्यात खोकड या कोल्ह्यासारख्या लहान प्राण्याची बिळे असतात, तीही त्याच खोदाईत जातात.

खड्डे झाल्यावर लावले काय जाते, हाही प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी लवकर वाढणारी आणि जनावरे तोंड लावत नाहीत अशी रोपे निवडली जातात. गिरिपुष्प हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जी रोपे जगतात त्यांच्या सावलीत ऊनप्रिय गवत विरळ होत जाते. गवत गेले की नाकतोडे कमी होतात, आणि मध्य आशियातून हिवाळा काढायला आपल्याकडे येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी याच नाकतोड्यांवर जगतात. हवेतील कार्बन शोषण्यासाठी झाडे हवीत, असा युक्तिवाद तुमच्या ग्रामसभेत निश्चित होईल. त्याचे उत्तर असे, की गवताळ प्रदेश आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठवतो. तो वणव्यात सहज जळत नाही. माती उकरली म्हणजे मात्र सुटू लागतो.

माळाकडे पडीक म्हणून पाहण्याची सवय आपल्याला महसुली कागदाने लावली. जी जमीन सारा देत नाही ती निरुपयोगी, हा इंग्रजी अमलातील हिशेब स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि देशातील पडीक जमिनींच्या नोंदींत झुडपी माळ व कुरणे आजही मोठ्या प्रमाणात सापडतात. त्यामुळे औद्योगिक वसाहत असो, सौर प्रकल्प असो वा वृक्षलागवड, जागा शोधायला निघालेल्या प्रत्येकाचे बोट प्रथम माळावरच पडते. यांपैकी वृक्षलागवडीबद्दल मला अधिक वाईट वाटते, कारण ती करणाऱ्यांच्या मनात निसर्गाविषयी खरी आस्था असते.

मुलांचा उत्साह वाया जाऊ देऊ नका. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, गावओढ्याच्या काठी आणि वस्तीभोवती लिंब, करंज, वड, चिंच अवश्य लावा. गायरानावर मात्र खोदाई करू नये. तेथे एखादा भाग दोन पावसाळे चराईपासून राखून पवन्या आणि मारवेल या गवतांचे बी फोकावे, आपोआप उगवलेल्या बोरी आणि हिवर राखाव्यात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गवत पेटवण्याची प्रथा गावात असेल तर ती थांबवावी. 'जाळले की गवत जोमाने येते' असे म्हणतात, परंतु तो काळ जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्यांच्या विणीचा असतो.

प्रश्न : माझे आजोळ नान्नजजवळचे. लहानपणी ज्वारीच्या कडेने चालणारा माळढोक मी पाहिला आहे. आता तेथे अभयारण्य आहे, कुंपण आहे, पहारा आहे, परंतु पक्षी नाही. संरक्षण असतानाही तो का गेला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्ही ज्वारीचा उल्लेख केलात, आणि उत्तराचा मोठा भाग तेथेच आहे. माळढोक केवळ गवतावर जगत नव्हता. गवताळ कुरण, पडीक रान आणि ज्वारी, करडई, तूर यांची कोरडवाहू शेते अशा मिश्र प्रदेशात तो वावरत असे; नाकतोडे, सरडे, धान्य, बोरे असे मिळेल ते खात असे. १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले, पाठोपाठ कालवे आणि विंधनविहिरी आल्या, आणि जिल्ह्यातील पीक बदलले. नान्नजची द्राक्षे आज सर्वदूर प्रसिद्ध आहेत. शेतकऱ्याने पाणी मिळाल्यावर द्राक्ष किंवा ऊस लावू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तारा आणि मांडव यांनी भरलेल्या बागेत, किंवा डोक्याहून उंच उसात, हा मोठा पक्षी उतरू शकत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण अभयारण्याच्या आखणीत होते. १९७९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र कागदावर सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील गावे, शहरे, रस्ते आणि खासगी शेते त्यात आली. पक्ष्यासाठी खऱ्या अर्थाने राखलेली कुरणे मात्र त्यात बेटांसारखी विखुरलेली आणि लहान होती. परिणाम असा झाला की जमिनीच्या व्यवहारांपासून उद्योगांच्या परवानग्यांपर्यंत प्रत्येक अडचणीचे खापर माळढोकावर फुटू लागले आणि ज्या शेतकऱ्यांच्या शेतात तो खरोखर चरत होता त्यांनाच तो नकोसा झाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले, परंतु तोपर्यंत पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. माझ्या मते आरंभीच लहान क्षेत्र घेऊन, त्यातील कोरडवाहू शेती टिकवणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी मोबदला दिला असता, तर लोक आणि पक्षी एकमेकांचे वैरी झाले नसते.

माळढोकाची मादी विणीच्या वेळी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. भटके कुत्रे, कोल्हा किंवा गुरांचे खूर यांतून ते वाचलेच, तरी पिल्लू वाढायला वेळ लागतो. असा पक्षी एकदा घटू लागला की पुन्हा संख्येवर येणे फार कठीण असते. त्यात विजेच्या तारांची भर पडली. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी उडताना चटकन वळू शकत नाही, आणि त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. आज जगात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असून त्यांतील बहुसंख्य राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत. तेथील वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल करून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथे कृत्रिम पैदास सुरू आहे. कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू २०२४ मध्ये जन्मले.

नान्नजला अलीकडच्या गणनांमध्ये एखाददुसरा पक्षी दिसला तरी मोठी गोष्ट मानली जाते. तरीही तेथील कुरणांना रिकामे समजू नका. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांना ती आजही आसरा देतात, आणि माळढोक परत आणण्याचा विचार कधी झालाच तर त्याला उतरायला तीच जागा लागेल.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ धनगर. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घर सोडतो आणि पावसाळ्याला परततो. यंदा मुक्कामावर लांडग्याने कोकरे नेली. नुकसानभरपाई मिळते असे ऐकले आहे. परक्या तालुक्यात ती कशी मागायची? आणि लांडगा राहिला काय, गेला काय, आम्हाला त्याचे काय, असे वडील विचारतात. त्यांच्या वतीने मी लिहीत आहे.
— एक विद्यार्थिनी, फलटण तालुका

उत्तर : प्रथम भरपाईविषयी. महाराष्ट्र शासन ज्या वन्यप्राण्यांनी मारलेल्या पशुधनासाठी आर्थिक साहाय्य देते, त्यांत लांडग्याचाही समावेश आहे. घटना ज्या हद्दीत घडली तेथील वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला ४८ तासांच्या आत कळवणे आवश्यक असते. मुक्काम परक्या तालुक्यात असल्याने हक्क कमी होत नाही. कार्यालय माहीत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवावी. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवू नये. लांडग्याने कोकरू उचलूनच नेले असेल तर ओढत नेल्याच्या खुणा, रक्त, लोकर आणि ठसे यांची छायाचित्रे काढावीत. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून छायाचित्र घेतले की आकाराचा अंदाज येतो. ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवली असतील त्याची साक्ष उपयोगी पडते.

हे सर्व लिहिताना मला जाणीव आहे, की फिरस्त्या कुटुंबाला कागदपत्रांसाठी चार दिवस एका जागी थांबणे परवडत नाही. कळप थांबला तर चारा संपतो. म्हणून पंचनामा मुक्कामावर आणि मोबदला थेट बँक खात्यात, तोही त्याच हंगामात, असे झाले पाहिजे. शहरातील माणूस लांडग्याचे कौतुक करतो आणि त्या लांडग्याचे जेवण प्रत्यक्षात मेंढपाळ पुरवतो, ही आजची वस्तुस्थिती आहे. हा भार एकट्या मेंढपाळावर टाकणे अन्यायाचे आहे.

रात्रीच्या राखणीविषयी तुमच्या वडिलांना मी काय सांगणार. तरी इतर मेंढपाळांच्या अनुभवातून कळलेले दोन मुद्दे नोंदवतो. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, ताणून उंच बांधलेली असेल आणि कोकरांचा कोंडवाडा माणसांच्या बिछान्यांच्या मधोमध असेल, तर नुकसान बरेच कमी होते. ओढ्याची घळ आणि दाट झुडपे यांना लागून मुक्काम टाकला तर ते वाढते, कारण लांडगा त्याच आडोशाने येतो. हिवाळ्यात लांडग्यांना पिल्ले झालेली असतात आणि त्या दिवसांत त्यांची भूकही वाढलेली असते. गुहेत धूर करणे, मढ्यावर विष टाकणे हे उपाय कोणी सुचवले तर ते करू नयेत. लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याला मारल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय मढ्यातले विष तुमच्याच कुत्र्यांच्या पोटात जाते.

वडिलांचा दुसरा प्रश्न मोठा आहे. भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिशय प्राचीन शाखांपैकी एक आहे, असे जनुकीय अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि देशभरात ते सुमारे तीन हजारच उरले असावेत. वाघाला जंगल आहे, व्याघ्रप्रकल्प आहेत. लांडगा मात्र गावाच्या सीमेवर, गायरानात आणि कोरडवाहू शेताच्या बांधावर राहतो, म्हणजे जेथे तुमची मेंढरे चरतात तेथेच. त्याचे मूळ भक्ष्य काळवीट, चिंकारा, ससे आणि उंदीर-घुशी. माळ नांगरला गेला, हरणे घटली, आणि तो मेंढरांकडे वळला. त्याच माळाला प्लॉट पाडून कुंपण पडले तेव्हा तुमचीही वाट अडली. ज्या तालुक्यात लांडगा उरलेला नाही तेथे मेंढपाळालाही चराई उरलेली नाही, असे बहुतेक वेळा आढळेल. दोघांचा निवारा एकच आहे, आणि तो घालवणारे कारणही एकच आहे. तुमच्या वडिलांना याहून वेगळे वाटत असेल तर त्यांनी जरूर कळवावे. आम्ही ते छापू.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर कोंबड्यांच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या टाकल्या जातात. तेथे कुत्र्यांबरोबर लांडग्यासारखा, पण अंगाने पिवळसर प्राणी दिसतो. तो कोणता असावा?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : छायाचित्राशिवाय नक्की सांगता येणार नाही, परंतु तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असण्याची शक्यता आहे. पुणे जिल्ह्यातील अशाच पिवळसर प्राण्यांच्या जनुकीय तपासणीतून असा संकर होत असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. कळपात पुरेसे जोडीदार उरले नाहीत आणि कुत्र्यांची संख्या अफाट वाढली, म्हणजे हे घडते. पुढच्या पिढ्यांत लांडग्याचे वेगळेपण पुसट होत जाते आणि प्राणी डोळ्यांसमोर असूनही जात हरवते.

याहून तातडीचा धोका रोगांचा आहे. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून लांडगा, खोकड आणि कोल्हा यांच्यात पसरतात. गीरमध्ये २०१८ साली डिस्टेंपरच्या साथीत सिंह मेले होते, यावरून या विषाणूच्या ताकदीची कल्पना येईल. तुमच्या गावात दोन्ही जमाती एकाच ढिगावर जेवत आहेत. शेडमालकांनी मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल खड्ड्यात पुराव्यात, यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावातील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण करून घ्यावे. त्या प्राण्याचे छायाचित्र दुरूनच घेऊन वन विभागाला द्यावे.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. त्यांना धूर नाही, कचरा नाही, पात्यांखाली गवतही तसेच आहे. मग पर्यावरणवादी त्यांच्यावरही टीका का करतात?
— एक अभियंता, सातारा

उत्तर : सौर आणि पवन ऊर्जेची गरज आहेच, आणि कोळशाच्या तुलनेत ती पुष्कळ निर्मळ आहे. तरीही तुमच्याच जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर झालेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी शेजारच्या मोकळ्या भागापेक्षा जवळपास चौपटीने कमी होते आणि ते ज्यांची शिकार करतात ते सरडे बरेच अधिक होते. एवढ्यावर ते थांबत नाही. शिकाऱ्याचे भय कमी झाल्यामुळे तेथील सरडे माणसाला फारच जवळ येऊ देत होते. संख्या वाढल्याने खाण्याची ओढाताण होऊन ते कृश झाले होते, आणि विणीच्या काळात नर गळ्याखालचा जो रंगीत पंखा फुलवून दाखवतो त्याचा रंगही फिका पडला होता. आकाशात फिरणाऱ्या पात्यांचा परिणाम दगडावर बसलेल्या सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोचतो, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

याचा अर्थ पवनचक्क्या काढून टाकाव्यात असा नाही. नवी जागा निवडण्यापूर्वी त्या पठारावर कोण राहते याची किमान एक वर्ष पाहणी व्हावी, आणि शक्य तेथे आधीच वापरात असलेल्या जमिनी, छपरे आणि कालवे यांचा विचार आधी व्हावा.

प्रश्न : लांडगा पाहण्यासाठी पुण्याहून पहाटे गाडी घेऊन माळावर गेले तर चालेल का?
— एक हौशी छायाचित्रकार, पुणे

उत्तर : स्वतःची गाडी माळावर घालू नये. चाकांखाली अंडी चिरडतात आणि लांडग्याच्या मागे गाडी पळवली तर तो पिल्लांची जागा बदलतो. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली आहे. ठरलेले मार्ग, नोंदणी आणि स्थानिक मार्गदर्शक अशी तिची व्यवस्था आहे. तेथेच जावे. स्थानिक तरुणाला माळ राखल्याने उत्पन्न मिळू लागले, तर तो माळ विकला जाण्याची शक्यता कमी होते. आणि लांडग्याच्या गुहेचे ठिकाण समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये.

प्रश्न : घराच्या पायासाठी मुरूम काढताना बिळातून खोकडाची तीन पिल्ले निघाली. मजुरांनी ती पाटीत ठेवली आहेत. दूध पाजावे का? उत्तर लवकर द्यावे.
— एक वाचक, कर्जत तालुका, जि. अहिल्यानगर

उत्तर : या वाचकांना फोनवर उत्तर दिले होते, इतरांना उपयोगी पडावे म्हणून ते येथे देत आहोत. गाईचे दूध पाजू नये, पिल्लांना हगवण लागते. त्यांना उघड्या हाताने वारंवार हाताळू नये आणि मुलांना खेळायला देऊ नये. कोणाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. आई बहुतेक वेळा जवळच्याच बांधाआड असते. यंत्र बंद करून, बिळाचे उरलेले तोंड मोकळे करून पिल्ले तेथेच सावलीत ठेवावीत, १९२६ वर वन विभागाला कळवावे, कुत्री बांधावीत आणि माणसांनी तेथून पूर्णपणे दूर व्हावे. अंधार पडल्यावर मादी येऊन पिल्ले एकेक करून दुसऱ्या बिळात हलवते. खोकडाच्या एका कुटुंबाची आसपास एकाहून अधिक बिळे असतात. सकाळी पिल्ले तेथेच आढळली, तर ती स्वतः न उचलता वनरक्षकाच्या ताब्यात द्यावीत. मुरमाचे काम किमान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवावे लागेल, आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी जवळची इतर बिळे ताजी आहेत का, म्हणजे तोंडाशी नवी उकरलेली माती, पायांचे ठसे किंवा ताजी विष्ठा आहे का, हे पाहून घ्यावे.